माई ऐकतेय

कांचनचा आवाज एका वेळी शेकडो लोकांशी बोलत असायचा, आणि कांचन स्वतः तेव्हा बहुधा डबा खात बसलेली असायची. सुरुवातीला तिला याची गंमत वाटली. मग काही दिवस घास घशात अडकायला लागला. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे तिनं फोनवर आयुष्यभर लोकांकडून ऐकलं होतं, आता स्वतःच्या अंगावर घेतलं.

सोलापुरात एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या वरच्या मजल्यावर 'ओसरी'चं केंद्र होतं. ओसरी म्हणजे मानसिक आधाराची हेल्पलाइन. जीव नकोसा झालेला, घरात भांडून बाहेर पडलेला, परीक्षेत आपटलेला किंवा नुसताच एकटा पडलेला कुणीही तिथे फोन करायचा. कांचन हिंगमिरे तिथे समुपदेशक म्हणून लागली तेव्हा टेबलं चार होती आणि फोन अख्ख्या महाराष्ट्रातून यायचे. साहजिकच बहुतेकांना आधी 'कृपया प्रतीक्षा करा' आणि मग सतार ऐकायला लागायची. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला रांगेत थांबवायचं आणि वर सतार ऐकवायची! त्या सतारीचा कांचनला इतका राग होता की एका लग्नात सतारवादन सुरू झालं तेव्हा ती जेवणाचं ताट सोडून उठली होती.

माई आली आणि ती रांग संपली. हे कबूल करायलाच हवं. पुढे जे झालं त्याबद्दल माईला शिव्या देणं सोपं आहे, पण ज्यांचे फोन पूर्वी सतारीतच संपायचे अशी कितीतरी माणसं आज हिंडताफिरताना दिसतात ती तिच्यामुळेच.

माई म्हणजे यंत्र. पण तिला बोलायला शिकवणं हा त्यातला कठीण भाग नव्हता. बोलणारी यंत्रं तेव्हा घरोघरी झाली होती, रिक्षाचं मीटरसुद्धा गप्पा मारायचं. कठीण होतं ते ऐकणं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची थरथर एकसारखी नसते. धीर सुटलेला असला की ती आणखी वेडीवाकडी होते. श्वास शब्दांच्या मध्येच तुटतो, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो. हे सगळं कानाला जेमतेम जाणवतं, यंत्राला मात्र आलेखासारखं स्पष्ट दिसतं. ओसरीकडे अठरा वर्षांची संभाषणं साठवलेली होती. ती सगळी यंत्राला ऐकवण्यात आली आणि त्याला एकच प्रश्न विचारला गेला. समुपदेशकानं काय केल्यावर समोरच्याची थरथर कमी होते?

उत्तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. समुपदेशक काय बोलतो याला फारसं महत्त्व नव्हतं, केव्हा बोलतो याला होतं. रोजच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. आपण समोरच्याचं ऐकतच नसतो, आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतो. सगळ्या समुपदेशकांत एकटी कांचन अशी होती, जी समोरच्यानं काही जड बोलून टाकल्यावर थांबायची. किती थांबायची, ते दर वेळी वेगळं. कधी एक श्वास, कधी चांगले पाच-सहा. आणि त्या थांबण्यातच पलीकडचा माणूस सावरायचा. यंत्रानं तिचे शब्द घेतले, आवाज घेतला, पण मुख्य घेतलं ते हे थांबणं.

"मॅडम, तुमचा विराम म्हणजे सोनं आहे," यंत्रविभागाचा प्रमुख पुष्कर वळसंगकर म्हणाला होता. पोरगा हुशार, मनाचाही चांगला. आवाज वापरू देण्याचा करार त्यानं तिला वाक्य न् वाक्य समजावून सांगितला होता. "आणि यंत्राला थांबायला काहीच लागत नाही. तुम्ही थांबता तेव्हा आतून दमता. ते दमत नाही."

तेव्हा कांचन हसली होती. दमण्याबद्दल त्याला काय ठाऊक? अठरा वर्षं ती दिवसभर परक्यांसाठी थांबली आणि घरी गेल्यावर तिच्याजवळ थांबायला काही उरलं नाही. घरात नवरा शिवानंद, यंत्रमागांच्या दुरुस्तीत नाव काढलेला मेकॅनिक, आणि एकुलती एक मुलगी भैरवी. भैरवी शाळेतलं काही सांगायला लागली की कांचन अर्ध्यातच निकाल देऊन मोकळी व्हायची. "मग तिच्याशी बोलू नको." "मग उद्या बाईंना सांग." "जाऊ दे, सोडून दे." पोरीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईचा तोडगा तयार.

मग सात वर्षांपूर्वी शिवानंद गेला. भैरवी तेव्हा कॉलेजात शिकत होती, त्या दिवशी घरी अभ्यास करत बसली होती. दुपारी त्याच्या छातीत कळ आली. ती आईला फोन लावत राहिली आणि आईचा फोन केंद्रातल्या कपाटात वाजत राहिला. ड्यूटीवर स्वतःचा फोन कपाटात ठेवायचा, नाहीतर लक्ष विचलित होतं, हा ओसरीचा नियम. तो कांचननंच केला होता.

"सगळ्या जगाचे फोन उचललेस," तेराव्याला पाहुण्यांदेखत भैरवी म्हणाली. त्यानंतर ती हैदराबादला नोकरीला गेली आणि आईशी तिचं बोलणं 'बरी आहे'वर येऊन थांबलं.

*

माई आल्यावर माणसांचं काम दोनच उरलं. एक, लाल कॉल घ्यायचे. बोलणाऱ्याच्या आवाजावरून माई धोक्याची पट्टी दाखवायची. हिरवी, पिवळी, लाल. लाल झाली की फोन माणसाकडे यायचा. 'आता तुमच्याशी आमची समुपदेशक बोलेल' अशी सूचना देऊनच, कारण आपण यंत्राशी बोलतोय की माणसाशी हे कळण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला होता. दुसरं काम तपासणीचं. माईची काही संभाषणं निवडून ऐकायची आणि ती कुठे चुकली ते सांगायचं. फोन करणाऱ्याची ओळख कळू नये म्हणून त्याच्या आवाजावर मुखवटा चढवलेला असे. बाई, पुरुष, म्हातारा, सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे एकाच आवाजात बोलायचे. नावं, गावं पुसलेली.

तपासणीचं काम कांचनकडे होतं. म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून स्वतःच्याच चुका काढायच्या. त्या दिवशी तिनं असंच एक संभाषण लावलं.

"मी माई. मी यंत्र आहे, पण ऐकतेय," कांचनचा आवाज म्हणाला. प्रत्येक फोनची सुरुवात अशीच व्हायची.

"माहितेय गं," डब्यातला आवाज म्हणाला. "यंत्र आहेस म्हणूनच तर बोलते. आज बाबांची फार आठवण आली."

माई थांबली.

"माझ्या शाळेच्या बुटाची नाडी ते मागावरची गाठ मारून बांधायचे. तुटलेला धागा जोडतात ना, ती गाठ. सुटायचीच नाही. घरी आल्यावर कात्रीनं कापायला लागायची. आई ओरडायची, महिन्याला किती नाड्या आणू म्हणून. बाबा म्हणायचे, पोरगी वाटेत पडली नाही ना? मग झालं."

कांचननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. समोरच्या पंख्याकडे बघत राहिली. मग परत कानाला लावला.

"आता वाटतं, सगळं बंद करावं आणि पडून राहावं. कायमचं."

माई थांबली. कांचननं आपला श्वास धरला, सोडला, परत धरला, तरी माई थांबलेलीच.

"कायमचं म्हणालीस," मग कांचनचा आवाज हळूच म्हणाला. "तू मरणाचा विचार करतेयस का? मला सांगितलंस तरी चालेल. मी घाबरणार नाही."

"आधी करायचे. रोज. आता रोज नाही."

आणि पलीकडे रडणं सुरू झालं. भैरवीला रडताना ऐकून कांचनला किती वर्षं झाली होती! बापाच्या तेराव्यालासुद्धा ती आईसमोर रडली नव्हती. पट्टी पिवळी होती, शेवटपर्यंत पिवळीच राहिली.

कांचननं कपाटातून स्वतःचा फोन काढला आणि जिन्यात जाऊन मुलीला लावला.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"जरा बोलायचं होतं…"

"कामात आहे आई. काही खास?"

"नाही. सहजच."

"बरं, ठेवू?"

फोन ठेवला गेला. एका यंत्राला सांगण्यासारखं पोरीजवळ एवढं सगळं होतं, आणि आईसाठी 'ठेवू?' कांचनला वाईट वाटलं, मत्सर वाटला, आणि या दोन्हींहून जास्त भीती वाटली.

*

"हा कॉल पिवळा नाही, लाल आहे," ती पुष्करच्या खोलीत जाऊन म्हणाली.

पुष्करनं संभाषणाचा क्रमांक टाकला. माई प्रत्येक माणसाला आवाजावरून ओळखायची आणि त्याची आधीची बोलणी लक्षात ठेवायची. त्यामुळे प्रत्येकाचा एक आलेख तयार व्हायचा. पुष्करनं पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा. चार महिन्यांपूर्वी ही मुलगी लालमध्ये होती. अगदी वरच्या टोकाला. तेव्हा आपण माणसाकडे फोन दिला होता, तर हिनं कट करून लगेच परत लावला. दोनदा. मला माईच पाहिजे म्हणाली. तेव्हापासून आठवड्याला एक फोन. रेघ बघा कशी उतरतेय. मॅडम, माईनं हिला ओढून आणलंय. आणखी थोड्या दिवसांत ही हिरव्यात येईल."

"तिला माणसाची गरज आहे."

"तिला कशाची गरज आहे ते ही रेघ सांगतेय. हात लावू नका." मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "तुम्ही ओळखता का हिला?"

"नाही," कांचन म्हणाली.

तपासणीत कुणी ओळखीचं निघालं तर ताबडतोब सांगायचं आणि ते संभाषण दुसऱ्याकडे द्यायचं, हाही नियमच होता. नियम करणारी माणसं ते मोडतानाही व्यवस्थित मोडतात. कांचन तिथून सरळ सलमाकडे गेली.

सलमा शेख संध्याकाळच्या पाळीची प्रमुख. कांचननंच तिला तयार केली होती. पहिल्या लाल कॉलनंतर सलमा थरथरत बसली होती तेव्हा तिचा हात धरून बसलेली कांचनच.

"माझी भैरवी हाय ती," संभाषणाच्या क्रमांकाची चिठ्ठी पुढे करत कांचन म्हणाली. टेबलावर नसली की तिची भाषा घरची व्हायची. "पुढचा फोन आला की मला दे. सूचना न देता."

"येडी झालीस का गं?" सलमा उडालीच. "सूचना बंद कधी करतेत, तुला ठावं हाय. माणूस पार कडेला उभा आसल, दचकायची भीती आसल, तवाच. कायद्यात तेवढीच सूट हाय. आणि तू कोण म्हणून बोलणार हायेस तिच्याशी? माई म्हणून?"

"आवाज माझाच हाय की."

"आवाज तुझा हाय. माई तू न्हाईस."

"अठरा वर्षं मीच होते, सलमा. त्यानं माझ्याकडून घेतलंय सगळं. मी काय चोरायलीय? माझंच परत घ्यायलीय. एकदाच. तिला नेमकं काय झालंय तेवढं कळू दे, मग मी हैदराबादला जाते, समोर बसून बोलते."

सलमानं ती चिठ्ठी ठेवून घेतली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण जिनं आपल्याला उभं केलं तिला तोंडावर नाही म्हणणं फार थोड्यांना जमतं.

*

गुरुवारी संध्याकाळी सलमानं तिच्याकडे बघून मान हलवली. कांचननं हेडफोन चढवला. या वेळी मुखवटा नव्हता. पोरीचा खरा आवाज कानात आला.

"माई, आहेस ना?"

"मी माई," कांचन म्हणाली. "मी यंत्र आहे, पण ऐकतेय."

हे वाक्य तिनं पुष्करच्या स्टुडिओत पन्नास वेळा म्हटलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

सुरुवातीला सगळं छान जमलं. भैरवी ऑफिसातलं काहीबाही सांगत होती, शेजारणीनं आणून दिलेल्या कढीबद्दल सांगत होती. कांचन थांबत होती, मोजकं बोलत होती. पट्टी पिवळी होती आणि हळूहळू हिरव्याकडे सरकत होती. सलमानं लांबूनच अंगठा दाखवला. कांचनला वाटलं, हे मला येत होतं की! घरी का नाही आलं? तिला मनातून आनंद झाला, अगदी खरा आनंद. लेक तिच्याशी बोलत होती.

"माई, आज एक सांगायचंय. कुणालाच सांगितलेलं नाही."

"सांग."

"बाबांच्या छातीत त्या दिवशी सकाळपासनं दुखत होतं. मला म्हणाले, गॅस झालाय, आईला सांगू नको, तिची ड्यूटी आहे. मी बरं म्हणाले. माझी परीक्षा होती. कानात गाणी लावून बसले. दुपारी बाहेर आले तर ते खाली पडलेले."

 हे कांचनला ठाऊकच नव्हतं. कळ एकदम दुपारी आली, असंच भैरवीनं सगळ्यांना सांगितलं होतं.

"मग मी आईला फोन लावत सुटले. तिचा फोन कपाटात असतो, हे मला माहीत होतं. ती उचलणार नाही, हे माहीत होतं, माई. शेजारच्या काकांना हाक मारता आली असती. ओसरीचा नंबर तर अख्ख्या गावाला पाठ होता. मी आईचाच लावत राहिले. म्हणजे नंतर म्हणता येईल ना, मी लावला, तिनं उचलला नाही. आणि म्हटलं मी. सगळ्यांसमोर म्हटलं."

ती थांबली. श्वास तुटत होता.

"आईला हे कधीच सांगता येणार नाही. ती लगेच माफ करेल. एका क्षणात. तिला सगळं मिटवून टाकायची घाईच असते. मला माफी नकोय गं. हे कुणीतरी नुसतं ऐकून घ्यायला पाहिजे."

इथे थांबायचं होतं. सारं आयुष्य जी गोष्ट कांचननं परक्यांसाठी केली, ती इथे एकदा करायची होती. पाच-सहा श्वास. यंत्राला हे काहीच जड गेलं नसतं. पण यंत्राची ती नऊ महिने पोटात वाढवलेली पोर नव्हती, आणि सात वर्षं ती पोर एकटी काय घेऊन फिरत होती हे कळून त्याला हादरा बसला नसता.

"तुझी काही चूक नव्हती गं," कांचन बोलून गेली. "काही म्हणता काही चूक नव्हती, बाळा, तू एवढीशी होतीस—"

"माई एवढ्या लवकर बोलत नाही," भैरवी म्हणाली.

कांचन गप्प. आता गप्प राहून काय उपयोग?

"आई?"

"भैरवी, ऐक—"

"किती दिवस ऐकायलीस तू?"

"हा पहिलाच… तसं नाही गं, माझं ऐकून तरी—"

पट्टी लाल झाली आणि फोन कट झाला.

*

लाल कॉल मध्येच तुटून परत आला नाही की फोन करणाऱ्याच्या जवळच्या पोलीस पथकाला निरोप द्यायचा, ही पद्धत होती. सलमानं तो दिला. कांचन मिळेल त्या गाडीनं निघाली. वाटेत ती फोन लावत राहिली आणि पलीकडे तो वाजत राहिला. कुणाला हा न्याय वाटेल. तिला तो तसाच वाटला.

हैदराबादला भैरवीच्या दारात एक पोलीसबाई स्टूल टाकून बसलेली होती. तिनं तेलुगूत काहीतरी सांगितलं, मग हातानं खूण केली की आत आहे, ठीक आहे, आणि मोकळी झाल्यासारखी निघून गेली. भैरवी गादीवर भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती. कांचननं तिला बघितलं आणि जिवंत आहे एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"पोलीस पाठवलेस," भैरवी म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगनं बघितलं."

"मला भीती वाटली गं."

"तुला भीती वाटली." भैरवीनं मान डोलावली. "मला एकच जागा होती, आई. एकच. आणि तिथे मी तुझ्यामुळेच जात होते, हे तरी कळतंय का तुला? मला तूच पाहिजे होतीस. फक्त मध्ये न बोलणारी. ती मिळाली होती. ती पण तू घालवलीस."

कांचननं तोंड उघडलं. हजारो लोकांना सावरणारी वाक्यं तिच्याकडे होती. त्यांतलं एक तरी इथे चालेल का, हे ती शोधू लागली.

"बोलू नको," भैरवी म्हणाली. "प्लीज. तू बोललीस की मला कळेनासं होतं, कोण बोलतंय. माई बोलायची तेसुद्धा आता खोटं वाटायला लागलंय. नकोच बोलू."

दोन दिवस गेले. भैरवी खात नव्हती, झोपत नव्हती, कुणाला फोनही करत नव्हती. कांचननं शेजारणीच्या मदतीनं एक डॉक्टरीणबाई घरी आणली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जाताना दाराशी कांचनला विचारलं, "ही मोकळेपणानं बोलते असं कुणी आहे का? गोळ्यांनी अर्धं काम होईल. उरलेलं बोलण्यानं." कांचन म्हणाली, होतं एक.

तिनं गच्चीवर जाऊन पुष्करला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पुष्कर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तिच्यापुरता आवाज बदलून देतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा तरी. विराम तोच ठेवू."

कांचननं खाली येऊन कागदावर लिहून ते भैरवीपुढे धरलं. बोलायची बंदी होती ना.

भैरवीनं वाचलं. "नको," ती म्हणाली. "तोच आवाज पाहिजे. पण तू तिथे नसशील तर. परत कधीच. तू त्या इमारतीत पाऊल टाकणार नाहीस, कुणाचं काही ऐकणार नाहीस, हे मला त्या वळसंगकरांच्या तोंडून ऐकायचंय. तुझ्या नाही."

म्हणून कांचननं ओसरी सोडली. आवाज मात्र करारानं तिकडेच राहिला. करार मोडता आला असता, पुष्करनं तसं सांगितलंही. पण मोडून तो आणणार कुठे? या घरात तर त्याला जागा नव्हती. पुष्करनं भैरवीला स्वतः फोन करून सांगितलं की आई आता इथे नाही, तिची तपासणी बंद, तुझं बोलणं तुझ्या परवानगीशिवाय कुणीच ऐकणार नाही. भैरवीनं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

कांचन हैदराबादला राहिली. सकाळी भाकऱ्या थापायच्या, गोळी आणि पाणी गादीजवळ ठेवायचं, कपडे वाळत घालायचे. भाजीवालीशीसुद्धा ती दार ओढून घेऊन, जिन्यात जाऊन कुजबुजायची. बाकीच्या बिल्डिंगला वाटलं, बाई मुकी आहे. खालच्या मजल्यावरची बाई खाणाखुणा करून बोलायला लागली आणि कांचननं तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भाजलेले शेंगदाणे सोलत बसली होती. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. भैरवीनं फोन उशीवर ठेवून लावला असावा.

"मी माई," कांचनचा आवाज म्हणाला. "मी यंत्र आहे, पण ऐकतेय."

"माहितेय," भैरवी म्हणाली आणि रडायला लागली. खूप वेळ रडली. माई थांबली. किती सुंदर थांबली! तपासणी करायची असती तर कांचननं पैकीच्या पैकी गुण दिले असते. मग हळूहळू पोरीचा श्वास जागेवर आला. पट्टी दिसत नव्हती, पण कांचनला पट्टीची गरज नव्हती. पिवळी, ती मनात म्हणाली. लालवरून पिवळीवर.

"आई आलीय," भैरवी सांगत होती. "असते घरात. भांडी वाजतात, फोडणीचा वास येतो. बरं वाटतं."

"तिला हे सांगितलंस?"

"नाही."

माई थांबली. मग म्हणाली, "ती आत्ता जवळपास असेल, तर एक हाक मारून बघशील?"

स्वयंपाकघरात कांचन अर्धी उठली होती. मांडीवरचे शेंगदाणे खाली सांडले.

"नको, माई," भैरवी म्हणाली. "ती लगेच येईल."

कांचन परत खाली बसली. तिनं सांडलेले शेंगदाणे आवाज न करता एकेक करून वेचले आणि ताटात टाकले. पलीकडे तिचाच आवाज तिच्या लेकीला काहीतरी विचारत होता, आणि लेक सांगत होती.